पत्र ठेवावे कोठे? : मजकूर-आधारित ई-मेल आज्ञावली आणि पत्र-वर्गीकरणाचा इतिहास

प्रस्तावना

पत्रव्यवहार हे इतिहासलेखनाचे प्रमुख साधन होय, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. तथापि पत्रात काय लिहिले आहे याकडे अभ्यासकांचे जेवढे लक्ष जाते, तेवढे ते पत्र मिळाल्यानंतर कोठे ठेवले गेले, कोणत्या कागदांच्या शेजारी ठेवले गेले आणि तसे ठेवण्याचा निर्णय कोणी घेतला याकडे जात नाही. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादित केलेल्या पेशवे दफ्तराच्या ४५ खंडांमुळे अभ्यासकांच्या कित्येक पिढ्यांची सोय झाली. परंतु खंडात शेजारी छापलेली दोन पत्रे मूळ रुमालातही शेजारीच होती असे मानता येत नाही. कागदांचा मूळ क्रम हाही एक पुरावाच असतो.

हाच प्रश्न ई-मेलच्या संदर्भात अधिक तीव्रतेने उपस्थित होतो. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांचा इतिहास लिहिणाऱ्यास कागदी पत्रांपेक्षा संगणकीय टपालपेट्याच अधिक हाताळाव्या लागणार आहेत. प्रस्तुत लेखात मजकूर-आधारित ई-मेल आज्ञावलींच्या, म्हणजे ज्या केवळ अक्षरांच्या पडद्यावर व कळफलकाच्या साह्याने चालतात अशा आज्ञावलींच्या इतिहासातून पत्र-वर्गीकरणाची पद्धत कशी बदलत गेली याचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे. या आज्ञावलींची निवड जुन्या गोष्टींच्या कौतुकापोटी केलेली नाही. त्यांची मांडणी वापरकर्ता स्वतः एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहून ठेवत असे. त्यामुळे पत्र कोठे जावे याचा निर्णय कोणाचा व कोणत्या कारणाने झाला, हे त्या फाईलमध्ये शब्दशः वाचता येते. आजच्या बहुतेक ई-मेल सेवांबाबत तसे म्हणता येत नाही.

एकच पेटी, एकच फाईल

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६५ साली टॉम व्हॅन व्लेक व नोएल मॉरिस यांनी सीटीएसएस या सामायिक संगणक-प्रणालीसाठी ‘मेल’ ही आज्ञा तयार केली. प्रत्येक वापरकर्त्याच्या नावे ‘मेल बॉक्स’ नावाची एक फाईल असे. इतर कोणासही तिच्यात मजकुराची भर घालता येई. वाचण्याचा व पुसण्याचा अधिकार मात्र मालकाचाच. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी ‘ॲट’ या चिन्हाचा उपयोग करून एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्राकडे पत्र पाठविण्याची सोय केली, तेव्हाही पत्र पोहोचणे याचा अर्थ प्राप्तकर्त्याच्या फाईलच्या शेवटी मजकूर जोडला जाणे एवढाच होता. वाचायचे तर सगळी फाईल आरंभापासून पडद्यावर किंवा कागदी पट्टीवर उतरवून घ्यावी लागे. मधलेच एखादे पत्र काढून पाहण्याची सोय नव्हती. वर्गीकरणाचा प्रश्न अद्याप निर्माणच झाला नव्हता, कारण पत्र ही स्वतंत्र वस्तू म्हणून यंत्रास ठाऊकच नव्हती.

तो प्रश्न निर्माण झाला तो एका प्रशासकाच्या अडचणीतून. अर्पा या अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेचे तत्कालीन प्रमुख स्टीफन लुकासिक हे ई-मेलचा भरपूर वापर करणाऱ्या पहिल्या अधिकाऱ्यांपैकी होते, आणि साचत जाणाऱ्या पत्रांच्या ढिगाने ते त्रस्त झाले होते. लॅरी रॉबर्ट्स यांनी १९७२ मध्ये त्यांच्यासाठी ‘आरडी’ ही छोटी आज्ञावली लिहिली. तिच्यामुळे पत्रांची यादी पाहणे, हवे तेच पत्र वाचणे, ते दुसऱ्या फाईलमध्ये ठेवणे आणि पुसणे शक्य झाले. यानंतर इतरांनी तिच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. त्यांपैकी जॉन व्हिटल यांची १९७५ ची ‘एमएसजी’ ही आवृत्ती विशेष महत्त्वाची. उत्तर देण्याची आज्ञा तिच्यातून रूढ झाली ही गोष्ट बऱ्याचदा सांगितली जाते. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिच्यातील ‘मूव्ह’ ही आज्ञा अधिक मोलाची आहे. तोपर्यंत लोक पत्र दुसऱ्या फाईलमध्ये उतरवीत आणि मग मूळ पेटीतून पुसून टाकीत, म्हणजे एकाच कामासाठी दोन आज्ञा देत. व्हिटल यांनी दोन्ही क्रिया एका आज्ञेत आणल्या. वरवर पाहता ही केवळ सोय होती. किंबहुना तिच्यामुळे आवक पेटीचा अर्थच बदलला. पूर्वी ती सर्व पत्रांचे कोठार होती. आता ज्यांचा निकाल लागायचा आहे अशा कागदांचे ते तबक झाले. निकाल लागला की पत्र हलवायचे.

फाईल की डिरेक्टरी

युनिक्स प्रणालीवर याच काळात दोन भिन्न विचार पुढे आले. बर्कली येथील कर्ट शोएन्स यांनी १९७८ मध्ये लिहिलेल्या ‘मेल’ या आज्ञावलीत फोल्डर म्हणजे एकच लांबलचक फाईल. पत्रे एकामागून एक जोडलेली आणि प्रत्येक पत्राच्या आरंभी ‘फ्रॉम’ या शब्दाने सुरू होणारी खुणेची ओळ. या आज्ञावलीची एक प्रथा लक्षणीय आहे. वाचून झालेली पत्रे आज्ञावलीतून बाहेर पडताच सामायिक पेटीतून निघून वापरकर्त्याच्या स्वतःच्या ‘एमबॉक्स’ या फाईलमध्ये आपोआप जात. ती तेथेच राहावीत असे वाटल्यास ‘डॉट मेलआरसी’ या मांडणी-फाईलमध्ये तसे एका ओळीत लिहून ठेवावे लागे. म्हणजे वर्गीकरणाचे पहिले तत्त्व विषय किंवा व्यक्ती हे नसून ‘वाचले’ आणि ‘न वाचले’ हे होते, आणि तो निर्णय आज्ञावलीच्या कर्त्याने सर्वांसाठी आधीच घेऊन ठेवला होता.

दुसरा विचार रँड कॉर्पोरेशनचा. तेथील स्टॉकटन गेन्स व नॉर्मन शापिरो यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या कल्पनेवरून ब्रूस बोर्डन यांनी १९७९ मध्ये ‘एमएच’ तयार केली. तिच्यात प्रत्येक पत्र ही स्वतंत्र, क्रमांक असलेली फाईल आणि फोल्डर म्हणजे डिरेक्टरी. टपालासाठी निराळे विश्वच उभारायचे नाही. फाईलींवर चालणाऱ्या ज्या आज्ञा संगणकावर आहेत त्याच पत्रांवरही चालाव्यात, ही त्यामागील भूमिका. पत्र दुसऱ्या फोल्डरात नेण्यासाठी ‘रिफाईल’ ही आज्ञा होती. तिला ‘लिंक’ हा पर्याय जोडला की एकच पत्र, त्याची दुसरी प्रत न करता, दोन किंवा अधिक फोल्डरांत दिसू लागे. कागदी दप्तराची मुख्य मर्यादा अशी की एक कागद एकाच बस्त्यात राहू शकतो. दुसऱ्या विषयाशीही त्याचा संबंध असेल तर नक्कल तरी करावी लागते किंवा पहा-चिठ्ठी तरी लावावी लागते. ती मर्यादा येथे ओलांडली गेली. २००४ मध्ये जीमेलने फोल्डरांऐवजी लेबले आणली तेव्हा तो नवा शोध म्हणून गाजला. पण कल्पना म्हणून ती जुनीच म्हटली पाहिजे. एमएचच्या पद्धतीची किंमतही होती. हजारो पत्रे म्हणजे हजारो लहान फाईली, आणि त्या काळातील यंत्रांवर तो भार दुर्लक्षिण्याजोगा नव्हता.

पाईन आणि महिन्याचा पहिला दिवस

ह्यूलेट-पॅकर्डमधील डेव्ह टेलर यांच्या ‘एल्म’ (१९८६) या आज्ञावलीने पडदाभर पत्रांची यादी दाखविण्यास आरंभ केला. पत्र जतन करू लागल्यास ती पाठविणाऱ्याच्या नावाचा फोल्डर स्वतःहून सुचवी. येथे वर्गीकरणाचे तत्त्व ‘व्यक्ती’ हे झाले. वॉशिंग्टन विद्यापीठात १९८९ पासून विकसित झालेल्या ‘पाईन’चा मार्ग निराळा होता. ती संगणकतज्ज्ञांसाठी नव्हे, तर विद्यापीठाच्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी योजलेली. पडद्याच्या तळाशी आज्ञांची यादी सतत दिसत राही. ‘एस’ ही कळ दाबल्यास पत्र ‘सेव्हड मेसेजेस’ या एकाच ठरावीक फोल्डरात जाई. पाठविणाऱ्याच्या नावाने फोल्डर हवा की शेवटी वापरलेला, हे ‘सेटअप’ पडद्यावरून ठरविता येई आणि ती निवड ‘डॉट पाईनआरसी’ या फाईलमध्ये नोंदली जाई. मांडणी-फाईल हाताने लिहिण्याची धास्ती असणाऱ्यांनाही मांडणीचा अधिकार मिळाला, हे पाईनचे योगदान मानावे लागेल.

परंतु इतिहासाच्या अभ्यासकास पाईनची दुसरीच गोष्ट अधिक विचारात पाडते. प्रत्येक महिन्यात पहिल्यांदा ती उघडली की ती विचारीत असे : पाठविलेल्या पत्रांच्या फोल्डरास गेल्या महिन्याचे नाव देऊन तो बाजूला ठेवू का? त्यापाठोपाठ, जागा वाचविण्यासाठी त्याआधीच्या महिन्यांचे फोल्डर नष्ट करू का? ‘हो’ किंवा ‘नाही’. सरकारी कार्यालयात अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात, प्रत्येकाची मुदत ठरलेली असते आणि नाशनाच्या याद्या केल्या जातात. येथे तेच काम एका कळीवर आले होते, आणि तेही सकाळी पत्रे पाहण्याच्या घाईत असलेल्या माणसाकडे. त्या काळी खात्यास मिळणारी साठवणीची जागा अपुरी असल्याने ‘हो’ म्हणण्याकडेच कल असणे स्वाभाविक होते. १९९० च्या दशकातील किती जावक पत्रव्यवहार या प्रश्नाच्या उत्तरात नाहीसा झाला असेल याची मोजदाद आता शक्य नाही.

भारतीय संदर्भ

भारतात या आज्ञावलींचा संबंध दोन टप्प्यांत आला. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साह्याने ‘अर्नेट’ हे शैक्षणिक जाळे हाती घेतले. त्यात मुंबईच्या जुहू येथील एनसीएसटी ही संस्था प्रमुख सहभागी होती, आणि तिच्यात व पवई येथील आयआयटीत दूरध्वनीच्या जोडणीवरून झालेली ई-मेलची देवाणघेवाण ही देशातील आरंभीच्या देवाणघेवाणींपैकी होय. सर्वसामान्य ग्राहकांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सेवा खुली केल्यावर. तिच्यातील स्वस्त ‘शेल’ खात्यात चित्रे नव्हती. काळ्या पडद्यावर अक्षरे तेवढी दिसत. पत्रे पाहायची ती पाईनमध्ये. अनेक मराठी प्राध्यापक व विद्यार्थी यांचा ई-मेलशी पहिला परिचय असा मजकूर-आधारित आज्ञावलीतूनच झाला.

हा परिचय रोमन लिपीतून झाला, ही बाब दुय्यम नाही. मूळ ई-मेल प्रमाणकात इंग्रजी अक्षरांपुरतीच तरतूद होती. नेड फ्रीड व नेथॅनिएल बोरेनस्टाईन यांच्या ‘माईम’ प्रमाणकाने १९९२ मध्ये अन्य लिप्यांचा मार्ग मोकळा केला. देवनागरीसाठी ‘इस्की’ हे भारतीय मानक १९९१ मध्ये उपलब्ध होते. तथापि शेल खात्याच्या पडद्यावर जोडाक्षरे व मात्रा नीट उमटणे ही निराळीच अडचण होती. परिणामी मराठी माणसाने मराठीत लिहिलेले आरंभीचे ई-पत्र रोमन लिपीत आहे आणि त्याच्या फोल्डरांची नावे तर सरळ इंग्रजी. पुढे फोल्डर मध्यवर्ती संगणकावर ठेवणाऱ्या ‘आयमॅप’ या पद्धतीत (मार्क क्रिस्पिन, १९८६) इतर लिप्यांतील नावांची सोय झाली, तीही आडवळणाने. देवनागरी नावाचे रूपांतर रोमन अक्षरांच्या एका सांकेतिक मालिकेत करून साठवायचे आणि दाखविताना पुन्हा उलगडायचे. जी आज्ञावली हे उलगडणे जाणत नसे, तिच्यात ‘परीक्षा विभाग’ या फोल्डरच्या जागी अर्थहीन अक्षरांची रांग दिसे. फोल्डरचे नाव थेट युनिकोडमध्ये ठेवण्याची तरतूद आयमॅपच्या मूळ प्रमाणकात ऑगस्ट २०२१ मध्ये झाली.

संगणकीय बारनिशी

आतापर्यंतच्या सर्व पद्धतींत एक गोष्ट समान होती. माणूस पत्र वाचे आणि मग ते कोठे ठेवायचे हे ठरवी. स्टीफन व्हॅन डेन बर्ग यांच्या ‘प्रोकमेल’ने (१९९०) हा क्रम उलटा केला. पत्र येताच, ते कोणी पाहण्यापूर्वीच, आधी लिहून ठेवलेल्या नियमांनुसार त्याची रवानगी होऊ लागली. आपल्या कार्यालयांतील बारनिशी कारकून ज्याप्रमाणे आलेल्या लखोट्यावर दृष्टी टाकून त्यावर शाखेचे नाव लिहितो, त्याप्रमाणेच हे काम चाले.

या नियमांची रचना पाहण्यासारखी आहे. प्रत्येक नियम अपूर्णविराम व शून्य या चिन्हांनी सुरू होई. पुढे आणखी एक अपूर्णविराम असल्यास त्याचा अर्थ, लिहीत असताना फोल्डरास कुलूप लावावे, म्हणजे एकाच क्षणी आलेली दोन पत्रे एकमेकांत मिसळणार नाहीत. त्याखाली तारांकित ओळींत अटी : विषयाच्या ओळीत अमुक शब्द असल्यास, पाठविणारा अमुक असल्यास. शेवटच्या ओळीत फोल्डरचे नाव. नियम वरून खाली तपासले जात आणि पहिला लागू पडलेला नियम अखेरचा ठरे. त्यामुळे नियमांचा क्रम हीच वापरकर्त्याची प्राधान्यक्रमिका असे. वरिष्ठांचे पत्र आधी वेगळे काढले आहे की जाहिरातींचे, यावरून त्या माणसाच्या दिनक्रमाची कल्पना येते. ज्या पत्रास कोणताच नियम लागू पडत नसे ते मुख्य पेटीत राही. नको असलेली पत्रे मात्र युनिक्सच्या तळ नसलेल्या फाईलकडेही धाडता येत. तेथे गेलेले पत्र कायमचे नाहीसे होई. पाठविणाऱ्याच्या दप्तरी पत्र गेले, प्राप्तकर्त्याच्या दप्तरी ते आलेच नाही, आणि दोघेही खरे! अशा प्रसंगी प्राप्तकर्त्याची नियम-फाईल हाच एकमेव साक्षीदार उरतो.

१९९५ मध्ये मायकेल एल्किन्स यांनी लिहिलेल्या ‘मट’ने फोल्डरास आणखी एक अर्थ दिला. तिच्या ‘मटआरसी’ फाईलमध्ये असे लिहिता येते की अमुक फोल्डरात शिरताच पत्रांचा क्रम, स्वाक्षरी, किंबहुना पाठविणाऱ्याचा पत्तादेखील बदलावा. फोल्डर हे ठेवण्याचे स्थान न राहता बोलण्याची भूमिका झाले. महाविद्यालयाच्या फोल्डरात बसलेला माणूस विभागप्रमुख, कौटुंबिक फोल्डरात बसलेला तोच माणूस काका.

नियमांचे प्रमाणीकरण ‘सीव्ह’ या भाषेने केले. टिम शोवॉल्टर यांनी लिहिलेला तिचा आराखडा जानेवारी २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. ही भाषा मुद्दाम दुबळी ठेवली आहे. तिच्यात आवर्तने नाहीत, बाहेरची आज्ञावली चालविण्याची मुभा नाही. कारण हे नियम आता सामायिक संगणकावर चालणार होते व एकाच्या चुकीने सर्वांचे टपाल अडता कामा नये. दुसरे असे की नियमाने स्पष्टपणे अन्यथा सांगितले नसेल, किंवा नियम चालताना बिघाड झाला, तर पत्र पेटीतच राहते. शंका असेल तेव्हा नष्ट न करता ठेवणे, हे अभिलेखपालाचे तत्त्व येथे यंत्राच्या भाषेत उतरले आहे. या बाबतीत प्रस्तुत लेखकास सीव्ह ही प्रोकमेलपेक्षा श्रेष्ठ वाटते, तिची शक्ती कमी असली तरीही.

वर्गीकरणाविषयीची शंका

इतका खटाटोप करून काही साधते काय, हा प्रश्न अभ्यासकांनी विचारला आहे. स्टीव्ह व्हिटेकर व कँडेस सिडनर यांनी १९९६ मध्ये २० कार्यालयीन वापरकर्त्यांची पाहणी करून त्यांचे तीन प्रकार सांगितले : मुळीच न लावणारे, नित्य लावणारे आणि मधूनमधून एकदम साफसफाई करणारे. एकदोन पत्रांपलीकडे काहीच नसलेले फोल्डर त्यांना मोठ्या प्रमाणात आढळले. व्हिटेकर यांनीच सहकाऱ्यांसह २०११ मध्ये ३४५ वापरकर्त्यांच्या ८५,००० हून अधिक पुनर्शोधांचा अभ्यास केला. फोल्डर लावणाऱ्यांना जुने पत्र सापडण्यात अधिक यश येत नाही आणि शब्दावरून शोधणे अधिक जलद असते, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

कार्यक्षमतेच्या दृष्टीने हा निष्कर्ष मान्य करण्यास हरकत नाही. मात्र शोधणारा पत्राचा मालकच आहे, हे त्यात गृहीत धरले आहे. मालकास आपण काय शोधत आहोत हे माहीत असते. पन्नास वर्षांनी तीच पेटी उघडणाऱ्या त्रयस्थास ते माहीत नसते. कोणता शब्द शोधावा हेच ज्यास ठाऊक नाही, त्यास फोल्डरांची यादी ही त्या माणसाने आपले जग कसे विभागले होते याची अनुक्रमणिका ठरते. ज्या फोल्डरात एकच पत्र आहे तो व्हिटेकर यांच्या लेखी फसलेला फोल्डर. चरित्रकारास कदाचित तोच आधी उघडावासा वाटेल.

आपल्या महाविद्यालयांच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. कागदी पत्रव्यवहारासाठी आवक-जावक नोंदवही असते, क्रमांक असतो, नस्ती असते. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने संगणकाने निर्माण केलेल्या सामग्रीचाही केंद्रीय अभिलेखांच्या व्याख्येत समावेश केला आणि २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक अभिलेखांना वैधता दिली. तरीही विभागाचा पत्रव्यवहार प्राध्यापकाच्या वैयक्तिक खात्यात असेल, तर सेवानिवृत्तीनंतर त्याचा वारसा कोणाकडे जावा याचे उत्तर नोंदवहीत सापडत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१३ मध्ये ‘कॅपस्टोन’ हे धोरण जाहीर केले. त्यात प्रत्येक पत्राची छाननी करण्याऐवजी खातेधारकाचे पद पाहून संपूर्ण खातेच कायम जतन करण्याची मुभा आहे. १९७२ मध्ये लुकासिक यांच्या पत्रांपासून सुरू झालेला एकेका पत्राचा निवाडा येथे सोडून दिलेला दिसतो.

जतनासाठी अभिलेखागारे जे स्वरूप स्वीकारतात त्यांत जुने एमबॉक्स अद्याप आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठ ग्रंथालयाची, ऐतिहासिक ई-मेल संग्रह तपासण्यासाठी तयार झालेली ‘ईपॅड’ ही आज्ञावली त्याच स्वरूपातील फाईली वाचते. साधा मजकूर असल्याने त्या उघडण्यास मूळ आज्ञावलीची गरज पडत नाही. अशी फाईल वाचताना एखाद्या पत्राच्या मध्येच ‘फ्रॉम’ या शब्दाने आरंभ होणारी ओळ येते आणि तिच्या आधी एक कोनाकृती चिन्ह दिसते. ते लेखकाने लिहिलेले नसते. नव्या पत्राची खूण म्हणून ती ओळ चुकीने वाचली जाऊ नये यासाठी पत्र फोल्डरात ठेवताना आज्ञावलीने ते घातलेले असते. त्या चिन्हावरून निदान एवढे निश्चित सांगता येते की ते पत्र कधीतरी अशा फाईलमध्ये ठेवले गेले होते.